औषधी वापरासाठी नाही

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांचा कॅम्प भरला होता. फुकट. टेबलावर शाळेच्या दप्तराएवढं एक यंत्र, त्याच्यात जेल लावलेली टाच घालायची आणि मिनिटभरात चिठ्ठी हातात. "मासी, पग अहीं मूको," असं म्हणत टाय लावलेल्या पोरानं माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या आत्याची टाच आत घातली. चिठ्ठी निघाली ती उणे २.९, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या सरासरीपेक्षा बरीच खाली. पोरानं चेहरा पाडला आणि शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे हिरव्या झाकणाच्या डब्यांची उतरंड रचलेली. "दरियाई शेवाळ छे, एकदम नॅचरल. हाडकां लोखंड जेवां थई जशे." हाडं लोखंडासारखी होतील म्हणे. आत्यानं दोन डबे घेतले, अठ्ठावीसशे रुपये मोजले, आणि संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या घरी येऊन ते माझ्यासमोर ठेवले. "तू औषधांच्या कारखान्यात होतीस ना, बघ बरं, चांगलं आहे ना?"

मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. डबा हातात आला की तो उलटा करायची सवय अजून गेलेली नाही. पुढच्या बाजूला निळ्या लाटा आणि ताठ उभी हसरी आजी. मागच्या बाजूला, कायद्यानं छापावंच लागतं म्हणून छापलेलं एक वाक्य: औषधी वापरासाठी नाही.

आत्याला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग कशासाठी आहे?"

तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि ते नसावं अशीच आपल्याकडची व्यवस्था आहे. समुद्री शेवाळाच्या अर्कात हाडांची झीज थांबवणारं काही असूही शकेल. असेल तर ते औषध म्हणून सिद्ध व्हायला हवं, आणि ते काम सरकारी पैशानं व्हायला हवं, कारण दुसरं कोणी ते करणार नाही. तोवर हाडाचं नाव घेऊन डबे विकायला परवानगी नसावी. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते बोललं की शेजारीपाजारी मला निसर्गाची वैरीण ठरवतात, म्हणून जरा विस्तारानं.

आधी डब्यात काय असतं ते पाहू, कारण 'शेवाळ' या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे लिथोथॅम्नियन जातीचं तांबडं शेवाळ. आइसलँड, आयर्लंड, ब्राझील यांच्या किनाऱ्यांवरून ते काढतात. हे शेवाळ अंगावर चुन्याचं कवच चढवतं, आणि ते मेल्यावर दळून जी पूड होते तिच्यात वजनाच्या साधारण तीस टक्के कॅल्शियम असतं, बहुतेक कार्बोनेटच्या रूपात. थोडं मॅग्नेशियम, बाकी किरकोळ खनिजं. म्हणजे मूळ माल आपल्या ओळखीचाच आहे. शंखभस्म काय, प्रवाळ पिष्टी काय, समुद्रातल्या जिवाच्या अंगावरचं कॅल्शियम कार्बोनेटच ते. आमच्या आजीच्या औषधांच्या फडताळात प्रवाळ पिष्टीची पुडी असायची आणि तिच्यासाठी आइसलँडपर्यंत कोणी गेलं नव्हतं.

या पुडीची माणसांवर नीट चाचणीही झाली आहे. उत्तर आयर्लंडमध्ये पाळी गेलेल्या ३०० बायकांना दोन वर्षं वाटून दिलं: काहींना या शेवाळातलं रोज ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम, काहींना त्याच्या जोडीला आतड्याला मानवणारी एक प्रकारची साखर, उरलेल्यांना नुसती पिठूळ पूड. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. रक्तातल्या खुणा थोड्या सुधारल्या, हाडांच्या घनतेत सरसकट फरक पडला नाही. वाईट काहीच झालं नाही, पण हाडकां लोखंड जेवांही झाली नाहीत.

दुसरी वस्तू खरी कुतूहलाची. तपकिरी शेवाळातून काढलेला फ्युकॉयडन, फ्लोरोटॅनिन, फ्युकोझँथिन असा माल. हाड म्हणजे एकदा भरून ठेवलेला स्लॅब नव्हे. त्यात खणणाऱ्या पेशी असतात आणि भरणाऱ्याही. दोघींचं काम आयुष्यभर चालू असतं आणि मोठ्या माणसाचं साधारण दहा टक्के हाड दरवर्षी असं नवं होतं. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक असेपर्यंत खणणाऱ्यांवर लगाम असतो. पाळी गेली की तो सुटतो. आपल्याकडे ती जाते सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. त्यानंतर खणलेलं जास्त आणि भरलेलं कमी, अशी दरवर्षी तूट येत राहते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत फ्युकॉयडनसारखी द्रव्यं या खणणाऱ्या पेशींना रोखतात आणि भरणाऱ्यांना चेतवतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. अंडाशय काढलेल्या उंदरांना अर्क चारला तर त्यांच्या हाडांची झीज कमी होते, असंही दिसलं आहे. हे खोटं नाही, टाकाऊ तर मुळीच नाही. नवी औषधं इथूनच सुरू होतात.

पण सुरू होतात, एवढंच. फ्युकॉयडन हा भला थोरला रेणू आहे. थाळीत तो पेशीच्या अंगावर नेऊन ओततात. तोंडावाटे घेतला तर आतड्यातून रक्तात किती उतरणार आणि हाडापर्यंत किती पोचणार? शिवाय उंदराचं हाड म्हातारपणातही वाढत राहतं, माणसाचं नाही. म्हणून हाडाच्या औषधासाठी उंदरानंतर एखाद्या मोठ्या प्राण्यावर प्रयोग मागतात, आणि त्याच्यापुढे माणूस.

आणि माणसावर काय मोजायचं? घनता, असं कोणीही पटकन म्हणेल. हाडाच्या धंद्यातली सगळ्यात महाग चूक हीच आहे, आणि गुजरातेत राहून ती आपल्याला कळू नये याचं मला आश्चर्य वाटतं. मेहसाणा, बनासकांठा या भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्या माणसाचा एक्स-रे काढा, हाडं पांढरीशुभ्र, दाट दिसतात. माणूस मात्र कंबरेत वाकलेला, मान वळत नाही. हाडं दाट होतात हे पाहून अमेरिकेत एकेकाळी फ्लोराइडच औषध म्हणून देऊन पाहिलं. २०२ बायका, चार वर्षं. १९९० साली निकाल आला तेव्हा मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढलेली होती. मणके मोडायचं प्रमाण काही लक्षणीय कमी झालं नाही, आणि मणक्यांखेरीज इतर हाडं मोडण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. घनतेवर थांबले असते तर ते औषध घरोघरी गेलं असतं.

स्ट्रॉन्शियमचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण शेवाळाच्या डब्यांशेजारी अलीकडे त्याचीही कॅप्सूल दिसते. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, तो हाडात जाऊन बसला की एक्स-रे जास्त अडवतो, आणि डेक्साचा, म्हणजे एक्स-रेनं हाडांची घनता मोजायच्या तपासणीचा, आकडा आपोआप फुगतो. म्हणजे वाढलेल्या आकड्यातला काही भाग यंत्राचा भास. त्याचं स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे औषध युरोपात बरीच वर्षं रीतसर चाललं. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २०१४ साली त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. हे तर नीट तपासून मान्य केलेलं औषध होतं. जे तपासलेलंच नाही त्याचा धोका कोण आणि कधी शोधणार?

म्हणून हाडाच्या उपायाला एकच प्रश्न विचारायचा: किती हाडं मोडायची वाचली? याचं उत्तर देणं खर्चाचं आहे. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांच्या औषधासाठी ७,७०० हून जास्त बायकांवर तीन वर्षं चाचणी चालली. २००७ साली आकडे आले: मणके मोडणं ७० टक्क्यांनी कमी, खुब्याचं हाड मोडणं ४१ टक्क्यांनी कमी. शेवाळाच्या कुठल्याही अर्कापाशी असा आकडा नाही.

"पण जपानी बायका शेवाळ खातात आणि त्यांची हाडं बघा," हे वाक्य कॅम्पमधल्या पोरालाही पाठ होतं. जपानात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण उत्तर युरोपापेक्षा कमी आहे हे खरं. मणके मोडण्याचं मात्र तसं कमी नाही. आणि जपानी बाई शेवाळाबरोबर नात्तो नावाचं आंबवलेलं सोयाबीन खाते, त्यात के-२ जीवनसत्त्व भरपूर. जमिनीवर बसते-उठते. खुब्याच्या हाडाची ठेवणही वेगळी. यातलं एकच उचलून कॅप्सूलमध्ये भरायचं म्हणजे मालवणी माणसाची तब्येत पाहून नुसतं कोकम विकण्यासारखं.

समुद्रातून औषध येतच नाही असंही मी म्हणत नाही. सॅमन माशाचं कॅल्सिटोनिन हाडांसाठी कित्येक वर्षं वापरात होतं, नाकात फवारायचं. दीर्घकाळ वापरल्यास कर्करोगाचा धोका थोडा वाढतो असं दिसल्यावर २०१२ साली युरोपनं हाडांसाठी त्याचा वापर थांबवायला सांगितलं. माशाचं म्हणून कोणी ते डोक्यावर घेतलं नव्हतं आणि माशाचं म्हणून टाकलंही नाही. आकडे पाहून घेतलं, आकडे पाहून सोडलं.

आता माझ्या जुन्या टेबलावरची गोष्ट. कारखान्यात एखादी बॅच सोडायची तर आधी तिचा ॲसे, म्हणजे औषधी द्रव्य नेमकं किती ते, बघतात, मग जड धातू, मग स्टॅबिलिटी, म्हणजे माल किती टिकतो ते. गोळीत सत्तर मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ते सत्तरच्या आसपास असलं पाहिजे, पावसाळ्यातल्या बॅचमध्ये आणि उन्हाळ्यातल्याही. शेवाळ या शिस्तीत बसवणं फार कठीण. तेच शेवाळ, तोच किनारा, महिना बदलला की आतलं द्रव्य बदलतं. समुद्रात जे असेल ते ते ओढून घेतं, चांगलंही आणि वाईटही. हिजिकी नावाच्या जपानी शेवाळात विषारी स्वरूपाचं आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्यानं २००४ साली ते खाऊ नका असं लोकांना सांगितलं. आणि आयोडीन! मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. तपकिरी शेवाळाच्या काही जातींत एका ग्रॅमात हजार मायक्रोग्रॅमच्या वर असतं. आपण आधीच आयोडीनचं मीठ खातो. जास्तीच्या आयोडीननं काही जणांचं थायरॉइड चेकाळतं, आणि चेकाळलेलं थायरॉइड हाडंही पोखरतं. आत्याला थायरॉइडचा त्रास बारा वर्षांचा. डब्यावर आयोडीनचा आकडाच नव्हता, कुठलं शेवाळ तेही नव्हतं. 'मरीन अल्गी एक्स्ट्रॅक्ट' एवढंच. असा कागद घेऊन मी साहेबांकडे गेले असते तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं.

हे चालतं कसं? २०१६ च्या नियमांनी न्यूट्रास्युटिकल नावाचा एक कप्पा कायद्यात पक्का झाला. त्यात बसणारी वस्तू अन्न मानली जाते. अन्नाला चाचणीत हाडं मोजावी लागत नाहीत. फक्त 'औषधी वापरासाठी नाही' छापायचं, आणि पुढच्या बाजूला ताठ आजी. प्रोटीनच्या पावडरीला, जीवनसत्त्वाच्या गोळीला हा कप्पा ठीक आहे. हाडं ठिसूळ होणं हा आजार आहे, त्याच्यावरचा उपाय अन्नाच्या कप्प्यात शिरला की त्याला पुरावा मागणारं कोणी उरत नाही. आजाराचं नाव घेतलं तर वस्तू औषध ठरावी, हा साधा नियम पुरेसा आहे. तो अमलात कोण आणणार हा वेगळा लेख.

मला जास्त खटकतं ते सरकारी प्रयोगशाळांचं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शेवाळापासून संधिवात, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसाठी कॅप्सूल तयार केल्या, त्यांचे परवाने खाजगी कंपन्यांना दिले. हाडांच्या ठिसूळपणासाठीचा अर्कही त्यांच्या यादीत आहे. तिथले शास्त्रज्ञ हुशार आहेत, काम मेहनतीचं आहे. पण सार्वजनिक पैशानं शोधलेली वस्तू थेट न्यूट्रास्युटिकलच्या फडताळात जाते तेव्हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा कोणीच पार करत नाही. खाजगी कंपनी तो खर्च का करील? तिला विकायला आत्ताच परवानगी आहे. चाचणी करून निकाल उलटा आला तर उलट दुकानच बंद. शेवाळावर घट्ट पेटंट मिळत नाही, त्यामुळे परदेशी बडी कंपनीही येणार नाही. मग उरतं सरकार. २०२० साली मत्स्यसंपदा योजनेत एकट्या समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवले. ते मुख्यतः लागवडीसाठी, तराफे, दोर, बियाणं यांसाठी. त्यातले थोडे जरी बाजूला काढले तरी एका अर्काची, एकाच, पण प्रमाणित केलेल्या अर्काची, दोन-तीनशे बायकांवर वर्ष-दोन वर्षांची पहिली चाचणी होऊ शकते. ती फसली तर तसं जाहीर करावं. जमली तर मोठी करावी. परवाना देताना निदान तेवढी अट घालावी.

बडोद्याला हे सांगायचा हक्क आहे असं मला वाटतं. ओखा आणि द्वारकेचा किनारा, जिथे गुजरातचं उत्तम शेवाळ मिळतं, तो ओखामंडळ प्रांत बडोदे संस्थानचा. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या सागरी तज्ज्ञाला बोलावून तिथल्या समुद्रातल्या जिवांची पाहणी करवून घेतली गेली, आणि १९०९ आणि १९१६ साली त्याचे अहवाल संस्थाननं छापले. किनाऱ्यावर काय आहे ते आधी नीट मोजा, मग त्याचं काय करायचं ते ठरवू, अशी ती पद्धत. पुढे १९५४ पासून भावनगरला केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्था आहे. शेवाळापासून कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ आणि पिकांसाठीचं द्रव खत काढण्याचं तिचं काम खणखणीत आहे. औषधनिर्मिती तर या गावच्या पाण्यातच. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली इथेच अलेंबिक ही औषध कंपनी काढली. समुद्र, प्रयोगशाळा, कारखाना, मेडिकल कॉलेज, सगळं एका दिवसाच्या प्रवासात. तरी कॅम्पमध्ये येतो तो डबा.

मला एका भाचीनं ऐकवलं, "मावशी, तू डबा बंद करशील, पण किनाऱ्यावरच्या बायकांच्या पोटाचं काय? त्यांना शेवाळानं चार पैसे मिळतायत." रास्त आहे. पण शेवाळाला गिऱ्हाईक नाही अशी परिस्थितीच नाही. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट करायला कॅराजीनन लागतं, प्रयोगशाळांना अगार लागतं, उसाला आणि केळीला खत लागतं. तिच्या मालाची किंमत म्हातारीच्या घाबरण्यावर उभी राहायची गरज नाही. आणि त्या अठ्ठावीसशेतले तिच्यापर्यंत किती जात असतील, हेही एकदा विचारून बघावं.

दुसरा आक्षेप मात्र मला गप्प करतो. औषध कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? नाहीत. मी आतून पाहिलेल्या आहेत. टाच घालायचं यंत्र घेऊन सोसायट्यांमध्ये फिरायची युक्ती शेवाळवाल्यांची नव्हे, आमच्याच मार्केटिंगची. हाडं ठिसूळ ठरवायची उणे २.५ ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली आखली ती डेक्सावर मोजलेल्या घनतेसाठी. ती टाचेच्या अल्ट्रासाउंडला लावून लोकांना लाल आकडे वाटायला आम्हीच शिकवलं. रीतसर गोळ्यांचेही काटे आहेत: अलेंड्रोनेट ही हाडांची नेहमीची गोळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं, नाहीतर अन्ननलिका भाजते. फार वर्षं घेतली तर क्वचित जबड्याचं हाड सडतं, क्वचित मांडीचं हाड विचित्र जागी मोडतं. हे 'क्वचित' किती ते कोणी शांतपणे बसून सांगत नाही, मग बायका गोळी सोडतात आणि डब्याकडे वळतात.

आणि मुळात गोळी लिहून तरी कोण देतं? आठ वर्षांपूर्वी आत्या खंडेराव मार्केटच्या पायरीवर पाय घसरून पडली, मनगट मोडलं. एका मोठ्या दवाखान्यात प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं, बिल भरलं, संपलं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे ते हाड आजारी आहे, पुढचं मोडायची वाट बघू नका, डेक्सा करा, डी-जीवनसत्त्व तपासा, असं एकाही डॉक्टरनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. वय झालं की पडतात माणसं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आपलीच राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आत्याच्या ताटात दोन कप चहातलं दूध, वाटीभर कढी आणि संक्रांतीला तीळ. आणि उन्हाचं म्हणाल तर फ्लॅटच्या गॅलरीला तिनं स्वतः हिरवी जाळी लावून घेतलेली. आठ वर्षं ही जागा रिकामी होती. त्या जागेवर टाय लावलेलं पोर येऊन बसलं आणि निदान "मासी, बसा" म्हणालं.

डिसेंबरात डेक्सा झाली. खुब्याचा आकडा टाचेच्या चिठ्ठीपेक्षा थोडा बरा, पण औषध लागणारच असा. मूत्रपिंडं ठीक निघाली, डी-जीवनसत्त्व तळाला होतं, ते आधी भरून काढलं. आता दर बुधवारी सकाळी सहाला ती गोळी घेते आणि साडेसहापर्यंत खुर्चीत ताठ बसून राहते, त्या वेळात मला फोन करते. परवा विचारत होती, ते दोन डबे परत घेतील का. मी त्या नंबरवर फोन लावला. बाई फार गोड बोलली. म्हणाली, परत नाही घेता येणार मॅडम, फूड प्रॉडक्ट आहे ना.